कोकणात पेंडीचं दुकान चालवायचं तर

पेंडीचं दुकान जूनमध्ये उघडू नका. पुढचं काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा.

मी उघडलं होतं. घाटावरच्या एका व्यापाऱ्याने शेंगदाणा पेंड बाजारापेक्षा बरीच स्वस्त लावली म्हणून एकदम ४० पोती उतरवून घेतली आणि भिंतीला टेकवून थप्पी मारली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या पोत्यांना हात लावला तर कोमट लागली. उसवून पाहिलं तर वड्यांवर हिरवट-राखाडी बुरशी. दिसायला वाईट होती ती पोती बाजूला काढली, बाकीची ‘वरून तर ठीक दिसतायत’ म्हणत विकली. पलीकडच्या वाडीतल्या एका वहिनींनी ती पेंड कुटून कण्यांत मिसळून पिल्लांना घातली. आठवड्यात त्यांची साठ पिल्लं गेली. पैसे भरून दिले, पण त्या वाडीत माझ्या दुकानाचं नाव निघालं की पुढची दोन वर्षं तोच विषय निघायचा.

या धंद्यात घाटावरचा मोठा व्यापारी भावात आपल्याला कायम हरवणार. सांगली-कोल्हापूरला गिरण्या त्याच्या दारात, आपल्याला वर घाटाचं भाडं. त्यामुळे ‘सगळ्यात स्वस्त’ हा बोर्ड लावायचा विचार सोडून द्या. आपल्याकडे विकण्यासारखं आहे ते म्हणजे माल कोरडा आणि ताजा असल्याची खात्री, तीही लागेल तेवढ्याच वजनात आणि घराजवळ. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी गुरं मोजा

दुकानाचा गाळा बघायच्या आधी एक वही घ्या आणि सात-आठ किलोमीटरच्या टापूतल्या वाड्या पायाखाली घाला. प्रत्येक वाडीत चार गोष्टी लिहायच्या: डेअरीला दूध घालणाऱ्या गाई-म्हशी किती, शेळ्या किती, कोंबड्या किती आणि शर्यतीचे किंवा नांगरणी स्पर्धेचे बैल कुणाकडे आहेत. नुसती ‘गुरं’ मोजू नका. कोकणातली बहुतेक गावठी गुरं, आणि त्यांत आपली कोकण कपिला आली, दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देतात आणि वर्षातले निम्मे महिने रानावर जगतात. त्यांचा मालक पेंड घेतो ती गाय व्यायली की, तीही महिनाभर. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याचं दूध केंद्रावर जातं तो.

आता हिशोब. समजा पाच वाड्यांत दुधाची ४० जनावरं आहेत. सरासरी दिवसाला ३ किलो खाद्य धरलं तर महिन्याला ३६०० किलो, म्हणजे ५० किलोची ७२ पोती. त्यातली निम्मी डेअरीच देते आणि दुधाच्या बिलातून कापून घेते. तुमच्या वाट्याला आली ३६. शेळ्या-कोंबड्यांची मिळून आणखी १४ धरा. झाली ५० पोती. ब्रँडच्या पोत्यामागे समजा ५० रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला अडीच हजार. गाळ्याचं भाडं तरी निघेल का?

हा आकडा बघून घाबरायचं नाही, पण डोळेझाकही करायची नाही. एकट्या पशुखाद्यावर घर चालवायचं तर महिन्याला अडीचशे-तीनशे पोत्यांचा टापू लागतो. तो साधारण हायवेवरच्या किंवा तालुक्याच्या बाजारातच मिळतो. आतल्या गावात हा धंदा कशाच्या तरी जोडीला चालतो: भात गिरणी, किराणा, दूध संकलन, पिल्लांची विक्री. भात गिरणी असेल तर उत्तमच, कारण कोंडा घरचा आणि भात भरडायला आलेला माणूस हेच तुमचं गिऱ्हाईक.

दुकान उघडायचं ते कार्तिकात. पाऊस गेलेला असतो, भात घरात आलेलं असतं, रान अजून हिरवं असल्यामुळे मागणी बेताची असते. म्हणजे चुका करायला आणि शिकायला दोन महिने मिळतात. पौषापासून रान सुकायला लागतं आणि मेअखेरपर्यंत खरा खप असतो.

कागदपत्रं

यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकान-आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट होते, बँकेत उपयोगी पडते. ग्रामपंचायतीचा दाखला घ्या. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यायची.

जीएसटीची एक मेख मात्र नीट समजून घ्या. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यावर कर नाही आणि फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, उलाढाल कितीही असो. पण त्याच दुकानात तुम्ही कुत्र्याची बिस्किटं किंवा पाकीटबंद मांजरखाद्य ठेवलंत की तुम्ही करपात्र माल विकणारे झालात. मग ४० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त पेंडीची विक्रीसुद्धा धरली जाते. महिन्याला ३०० पोती १६०० च्या भावाने म्हणजे वर्षाला ५७ लाखांवर गेली. चार पाकिटं कुत्र्याच्या खाद्यासाठी सगळा हिशोब अंगावर ओढवून घ्यायचा का, हे आधी सीएला विचारा. खनिज मिश्रणाचं आणि टॉनिकचंही त्याच वेळी विचारून घ्या.

गोदाम: निम्मा धंदा इथे

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कुठे त्याहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की पोत्यावर थेंब न पडताही पेंड पाणी ओढून घेते. म्हणून ‘गळत नाही’ एवढ्यावर गोदाम पसंत करू नका.

पहिलं बघायचं ते दार कुठे आहे. झड येते नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. दार पूर्वेला असेल तर निम्मी चिंता गेली. पश्चिमेची भिंत उघड्या जांभ्या चिऱ्याची असेल तर ती पावसाळाभर पाझरते. तिला बाहेरून झावळ्यांची झापं किंवा ताडपत्री बांधा आणि आतून त्या भिंतीला एकही पोतं लावू नका. बाकीच्या भिंतींपासूनही हातभर अंतर सोडा. माणूस आडवा होऊन सरकेल एवढी फट असली की वारा खेळतो, उंदराची लेंडी दिसते आणि केरसुणी फिरते.

जमीन शेणाने सारवलेली असो, कोब्याची असो की फरशीची, ओल वर येतेच. खाली जाड प्लास्टिक, त्यावर लाकडी फळ्यांचे पाट, जमिनीपासून वीतभर उंच. थप्पी आठ-दहा पोत्यांपेक्षा उंच नको. खालचं पोतं दबलं की आतली हवा कोंडते आणि माल तापतो. पत्र्याचं छप्पर असेल तर पहाटे पत्रा आतून घामेजतो आणि थेंब नेमके वरच्या पोत्यावर पडतात. यावर उपाय म्हणजे पत्र्याखाली छत घालायचं, नाहीतर थप्पीवर ताडपत्री टाकायची. पण ताडपत्री दिवसा काढायची. थप्पी चोवीस तास झाकून ठेवली तर ताडपत्रीच्या आतच घाम धरतो. पावसाची उघडीप असेल, ऊन पडलं असेल तेव्हाच खिडक्या उघडा. धो धो पाऊस लागलेला असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून उघडल्यात तर ओलच आत घ्याल.

पत्रे बांधायला कंजुषी करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. त्या दोन वर्षांनी छपराचे हूक आणि तारा तपासायचं वेळापत्रक आम्हाला कायमचं लावून दिलं: अक्षय तृतीयेच्या आसपास, आंबा काढायला माणसं मिळतात तेव्हाच. आणि गाळा नदीकाठच्या बाजारपेठेत असेल तर घरमालकाला २२ जुलै २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. चिपळूण त्या दिवशी बुडालं होतं. खाद्याचं पोतं एकदा पुराच्या पाण्यात भिजलं की ते वाळवून विकायचं नसतं, पुरायचं असतं.

उंदीर-घुशींसाठी मांजर पाळा. ज्या गाळ्यात धान्य आहे तिथे विषाच्या गोळ्या नकोत, धुरी देणाऱ्या गोळ्या तर मुळीच नकोत. गाळ्याला लागून घर असेल तर त्या वायूने माणसं मेल्याच्या घटना आहेत. उंदराने मुतलेली पोती उचलताना हातमोजे घाला. लेप्टोचा ताप कोकणाला नवा नाही आणि हाताला चिरे पडलेल्या हमालाला तो आधी गाठतो.

प्रत्येक पोत्यावर आल्या दिवसाची तारीख खडूने टाका आणि आधी आलेलं आधी विका. सोपं वाटतं, पण नवीन थप्पी पुढे लागते आणि जुनी मागे राहते. मी आता थप्पी दोन ठेवतो. एक संपल्याशिवाय दुसरीला हात नाही.

माल कुठला, कसा तपासायचा

सुरुवातीला आठ-नऊ जिनसांपलीकडे जाऊ नका: गाईच्या गोळी खाद्याचा एक चालू आणि एक वरचा ब्रँड, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड थोडीच, मका भरडा, गव्हाचा भुसा (म्हणजे कोंडा, काड नव्हे), चुणी (डाळीचा चुरा आणि टरफलं), कोंबड्यांचं खाद्य आणि खनिज मिश्रण. यातलं बहुतेक घाटावरून येतं. आंबा, अणुस्कुरा, फोंडा किंवा करूळ, तुमचा जो घाट असेल त्यावर तुमचा भाव ठरतो. घाटावर चिरा घेऊन गेलेले ट्रक रिकामे परत येतात, त्या चालकांशी ओळख ठेवा. परतीच्या भाड्यात माल आला तर पोत्यामागे जे वाचतं तोच कधी कधी तुमचा सगळा नफा असतो. गाडी अर्धी भरणार असेल तर शेजारच्या गावच्या दुकानदाराबरोबर वाटून घ्या. तो स्पर्धक असला तरी चालेल.

स्थानिक मालाकडेही बघा. दिवाळीनंतर भात गिरण्यांवर कोंडा मुबलक असतो, पण त्यातलं तेल लवकर खवट होतं. आठवड्याभरात खपेल तेवढाच उचला आणि साध्या हलरचा (भात सडायच्या जुन्या यंत्राचा) असेल तर त्यात तूस किती आहे ते बघा. मालवण-वेंगुर्ल्याकडे घाण्यावर खोबऱ्याची पेंड मिळते. गुरं ती आवडीने खातात, मात्र तीही खवट व्हायला वेळ लागत नाही. सुक्या मासळीची कुटी कोंबड्यांना चांगली, पण तिच्यात वाळू आणि मीठ हमखास असतं. पेल्यात पाणी घेऊन मूठभर टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा. तळाशी वाळूचा थर बसला की भाव पाडून मागा किंवा सोडून द्या. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात जी कुटी मिळते ती जुनी असते हे ध्यानात ठेवा.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. काचेची कोरडी बरणी घ्या, तिच्यात मका आणि कढईत भाजून कोरडं केलेलं मीठ टाका, झाकण लावून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला, उतरवून घेऊ नका. पेंडीसाठी हात पोत्यात कोपरापर्यंत घाला. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर पोतं परत. गाडीतून उतरताना प्रत्येक दहाव्या पोत्यात हात घालायचा, चालक कितीही घाई करो.

बुरशीचं एवढं का? १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या अचानक मेल्या आणि शोध लागला तो बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या विषाचा. त्यालाच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. उकळून, भाजून, उन्हात टाकून ते जात नाही. कोंबडीची आणि बदकाची पिल्लं त्याने पटकन मरतात. गाय मरत नाही, पण तिच्या दुधात ते उतरतं. दुधातल्या त्याच्या प्रकारासाठी कायद्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किती बारीक प्रमाण आहे बघा. बुरशी दिसते तेवढंच पोतं बाजूला काढून बाकीचं विकणं ही माझी चूक होती. विष डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्या थप्पीतलं सगळंच गेलं असं समजायचं.

ब्रँडच्या पोत्यावरचं लेबल वाचायला शिका. प्रथिनं किती, तंतू किती, वाळू-सिलिका किती, ओलावा किती. ओलावा ११ टक्क्यांवर नको. प्रथिनांचा आकडा मात्र आंधळेपणाने मानू नका. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनं सांगते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १०० किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला की लेबलवरची प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतात. मोठी गाय थोडा युरिया पचवते. वासरू आणि कोंबडी नाही. खाद्य भिजवल्यावर अमोनियाचा वास येत असेल तर तो ब्रँड बंद करा, मग त्याची स्कीम कितीही मोठी असो.

घरचा भरडा

पहिलं वर्ष काढलंत आणि भरडायची गिरणी हाताशी असली तर स्वतःचं मिश्रण सुरू करा. माझा दुधाच्या गाईसाठीचा १०० किलोचा हिशोब असा: मका भरडा ३०, शेंगदाणा पेंड २०, सरकी पेंड १०, तुरीची किंवा हरभऱ्याची चुणी १२, गव्हाचा भुसा २५, खनिज मिश्रण २, मीठ १.

प्रथिनं कशी मोजायची? मक्यात ९ टक्के धरा, शेंगदाणा पेंडीत ४०, सरकीत २३, चुणीत १८, भुशात १५. तीस किलो मक्यातून २.७, पेंडीतून ८, सरकीतून २.३, चुणीतून २.२, भुशातून ३.७. बेरीज १९ च्या जवळ येते. पावसाळ्यात शेंगदाणा पेंड काढून टाकायची असेल तर तिच्या जागी सोयाबीनची पेंड घ्या. तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणून २० ऐवजी १८ किलो पुरते. उरलेले दोन किलो भुसा वाढवा.

खनिज मिश्रण हा विनोदाचा विषय नाही, जरी गिऱ्हाईक ‘ही पांढरी माती कशाला?’ असं विचारत असलं तरी. आपली गुरं भाताच्या पेंढ्यावर जगतात. पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के, त्यात सिलिका भरपूर, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या पेंढ्यावरची गाय वेळेवर माजावर येत नाही ती बऱ्याचदा यामुळे. मोठ्या जनावराला दिवसाला ५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलो. हेच मी सगळ्यात आग्रहाने विकतो आणि यात सुटतंही बरं.

किती घालायचं हे गिऱ्हाईक तुम्हालाच विचारणार. गाईला अंगासाठी दीड-दोन किलो आणि वर दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो. म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. शेळीला २०० ते ३०० ग्रॅम. दीड लिटर दूध देणाऱ्या गावठी गाईला चार किलो खाद्य घालणाऱ्याला मी स्वतःच थांबवतो. त्याचा तोटा झाला की तो गाय विकतो आणि माझं गिऱ्हाईक जातं.

कुणाचं खाद्य कुणाला नको हेही सांगत राहा. सरकी पेंड अंड्यांच्या कोंबड्यांना नको. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे बलक हिरवट होतो. अंड्यांच्या कोंबड्यांचं कॅल्शियमवालं खाद्य पिल्लांना नको, मूत्रपिंडं जातात. ‘कोंबड्यांचं खाद्य घातलं की दूध वाढतं’ असं कुणी म्हणालं तर त्याला गाईचं पोट बिघडल्यावर डॉक्टरचा खर्च किती येतो ते सांगा. एक आजी दर महिन्याला येऊन सांगायच्या, “कोंबडी कवचाशिवाय अंडा घालता रे.” त्यांना मी काही विकलं नाही. कालवणातल्या तिसऱ्यांची शिंपलं भाजून, कुटून कोंबड्यांपुढे टाका म्हटलं. फुकटचं कॅल्शियम. आता त्या कण्या आणि कोंबडीखाद्य दोन्ही माझ्याकडूनच नेतात.

सुट्टं विका

नफा पोत्यात नाही, तागडीत आहे. पोतं १५५० ला पडलं आणि १६०० ला गेलं तर ५० रुपये. तेच फोडून किलोला ३६ ने विकलं आणि सांडून-उडून एक किलो तूट धरली तर ४९ किलोचे १७६४ येतात. म्हणजे २१४ रुपये, चौपटीहून जास्त. पाच कोंबड्या आणि एक गाय असलेल्या घराला ५० किलोचं पोतं नकोच असतं. पावसाळ्यात ते त्यांच्या पडवीत बुरशी धरणार. त्यांना पाच किलो ताजं हवं असतं आणि त्यासाठी किलोमागे चार रुपये द्यायला त्यांची हरकत नसते. फोडलेलं पोतं झाकणाच्या पिंपात ओता, पिंप रिकामं झाल्यावर तळ पुसल्याशिवाय नवीन ओतू नका. काटा गिऱ्हाईकाकडे तोंड करून ठेवा. वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीचाच घ्या.

उधारी

३१. हा आकडा गल्ल्यावर लिहून ठेवा. १५५० चं एक पोतं बुडालं की ५० रुपयेवाल्या ३१ पोत्यांचा नफा त्यात गेला.

उधारी अजिबात न देता गावात दुकान चालत नाही, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण उधारीला शेपूट किती लांब ठेवायचं ते आपल्या हातात असतं. दूधवाल्याला डेअरीचं बिल दहा दिवसांनी मिळतं, म्हणून त्याची उधारीही दहा दिवसांचीच. बिल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मागचं चुकतं झालं तर पुढचं पोतं. मी प्रत्येकाची मर्यादा पोत्यांत ठेवली आहे, रुपयांत नाही: दोन पोती. ‘दोन झाली हां दादा’ म्हणायला तोंड उघडतं. ‘तुमचे ३२०० झाले’ म्हणायला उघडत नाही, विशेषतः समोरचा नात्यातला असेल तर.

बैलवाल्याला रोखीनेच. चिखल नांगरणीच्या स्पर्धेत बैल पहिला आला तर तो पेढे वाटेल, हरला तर तुमच्या दुकानासमोरून जाणार नाही. बकरी ईदसाठी बोकड तयार करणारे तीन महिने आधी येतात, ते हिशोबाला चोख असतात. त्यांना ईदनंतर नाही, दर पोत्याला पैसे द्यायची सवय लावा.

बॉयलरवाल्याची गोष्ट वेगळी आणि जास्त धोक्याची. एक पक्षी दोन किलोचा होईपर्यंत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. हजार पक्ष्यांना सत्तर पोती लागतात. पोतं समजा २२०० चं, म्हणजे दीड लाखाच्या वर. ‘बॅच निघाल्यावर देतो’ म्हणणाऱ्याला हो म्हणालात तर त्याच्या शेडमध्ये तुम्ही बिनकागदाचे भागीदार झालात, तेही फक्त तोट्यातले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसत्या अफवेने कोंबडीचे भाव कोसळले होते, आणि पुढच्या जानेवारीत बर्ड फ्लू आला. त्या वेळी ज्यांनी बॅचभर उधार दिलं होतं त्यांची दुकानं मी बंद होताना पाहिली आहेत. हजार पक्षीवाल्याला निम्मे आगाऊ, नाहीतर कंपनीचा रस्ता दाखवा.

वर्षाचं गणित

पंचांग समोर ठेवून खरेदी करा. गावठी किंवा सुधारित गावठी कोंबडीला तयार व्हायला तीन-चार महिने लागतात. मेमध्ये चाकरमानी आले की कोंबडी-वड्यांना भाव, म्हणजे पिल्लं जानेवारीत भरली जातात आणि पिल्लांचं खाद्य तेव्हा लागतं. आषाढ अमावास्येला गटारी. त्यासाठी बॉयलरची पिल्लं चाळीस दिवस आधी, म्हणजे ज्येष्ठात. श्रावण लागला की कोंबडीखाद्य एकदम थंडावतं. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात मागवू नका. पुढे भाद्रपदात ज्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तिथे गावठी कोंबड्याला मागणी येते. मार्गशीर्षात पुन्हा ढिलाई.

आणि आगोट. घरात जशी मेअखेर मीठ-मिरची-सुक्या मासळीची बेगमी करतो तशी दुकानात करायची नाही. पेंडी २५ मेनंतर फक्त दहा दिवसांच्या. शेंगदाणा पेंड चार महिने बंद. पण घाटात दरड कोसळली की गाडी आठवडाभर अडकते, म्हणून आतून अस्तर असलेल्या पोत्यांतलं गोळी खाद्य तीन आठवड्यांचं हाताशी ठेवा, ताजी तारीख बघून. हिरवा चारा असल्याने पावसाळ्यात खप कमीच असतो, त्यामुळे तीन आठवड्यांचा माल म्हणजे थप्पी काही मोठी होत नाही.

दुकानदार, डॉक्टर नव्हे

गुरांचा लम्पी आजार आला तेव्हा लोक डॉक्टरच्या आधी माझ्याकडे आले होते. गूळ-पाणी पाजा, माश्या लागू देऊ नका, बाकी दवाखान्यात फोन करा, एवढंच सांगितलं. अँटिबायोटिकच्या पुड्या दुकानात ठेवू नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर २०१९ पासून माणसाच्या खाण्यात येणाऱ्या जनावरांत आणि त्यांच्या खाद्यातही बंद आहे; कुणी ‘वाढीची पावडर’ म्हणून आणून दिली तर डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. खतं आणि कीटकनाशकं एकाच गाळ्यात ठेवायचा मोह होतो, कारण गिऱ्हाईक एकच. परवाना घेतलात तरी त्यांच्यासाठी वेगळी खोली आणि वेगळं मापटं लागेल.

एक किरकोळ गोष्ट राहिली, रिकामी पोती. फेकू नका. झटकून, उन्हात टाकून पंचवीसची चळत बांधून ठेवा. सुपारी आणि काजू बी भरायला बागायतदार घेऊन जातात. आलेले पैसे मी वेगळ्या डब्यात टाकतो. छपराचे हूक आणि झापं बांधायची मजुरी दरवर्षी त्या डब्यातूनच जाते.